छोटे ट्रायबल कॅसिनो की वेगास-अटलांटिक सिटी? हिशेबाने खेळणाऱ्यांसाठी धागा

विश्वास_आयर्व्हिंग

नमस्कार मंडळी.

टेक्सासात व्यावसायिक कॅसिनोला परवानगी नाही, त्यामुळे डॅलसकडच्या आपल्या लोकांची गाडी शनिवारी रेड नदी ओलांडून ओक्लाहोमात जाते. आय-३५ने सरळ वर गेलं की सीमेपलीकडे लगेच चिकसॉ नेशन या मूळ अमेरिकन जमातीचा विनस्टार (अशा जमातींचे ते ट्रायबल कॅसिनो), पूर्वेकडून गेलं तर ड्युरंटला चॉक्टॉ. दोन्ही अवाढव्य. पण त्याच राज्यात पेट्रोल पंपाला लागून असलेले, जेमतेम दोन-चार टेबलांचे कॅसिनोही आहेत. हा धागा मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

मंडळाच्या कार्यक्रमात अलीकडे तरुण मुलं विचारतात, "काका, काउंटिंग (पत्ते मोजणं) जमायला लागलंय, वेगासचं तिकीट कशाला काढू? इथे छोट्या ठिकाणी कोणाचं लक्षही नसतं." हा समज धोक्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात दुर्री ते छक्की पडली की अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य, दश्शी, चित्रं आणि एक्का पडला की उणे एक. छक्की, पंजी, राजा, तिर्री, गुलाम असे पत्ते आले तर मनातली मोजणी एक, दोन, एक, दोन, एक. ही बेरीज उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागायची. सहा कॅटांच्या शूमध्ये (पत्ते वाटायच्या पेटीत) बेरीज अधिक नऊ आणि तीन कॅट शिल्लक असतील तर खरी मोजणी अधिक तीन. दर अंकाला साधारण अर्धा टक्का पारडं आपल्याकडे झुकतं. मुळात कॅसिनो अर्ध्या टक्क्याने पुढे असतो असं धरलं तर अधिक तीनला आपण एक टक्क्याने पुढे. तेव्हा जास्त लावायचं, एरवी कमीत कमी. एडवर्ड थॉर्प यांनी १९६०च्या दशकात हे गणिताने सिद्ध केलं. नुसतं डोक्यात मोजणं अमेरिकेत गुन्हा नाही.

आता ओक्लाहोमाची गोष्ट. २००४ साली इथल्या मतदारांनी स्टेट क्वेश्चन ७१२ मंजूर केला आणि त्यातून जमातींसाठी नमुना करार तयार झाला. त्यात पत्त्यांचे खेळ हाउस-बँक्ड नसावेत अशी अट होती. म्हणजे हरलेल्यांचा पैसा कॅसिनोच्या गल्ल्यात न जाता खेळाडूंच्या सामायिक निधीत जायचा. मग कॅसिनोने कमवायचं कशावर? दर हाताला अँटी, म्हणजे खेळण्याचं शुल्क. बऱ्याच टेबलांवर ती अर्धा डॉलर असायची, आणि ही पद्धत सगळीकडून गेलेली नाही.

अर्धा डॉलर ऐकायला काहीच वाटत नाही. पण दहा डॉलरच्या हातावर तो पाच टक्के झाला! तासाला ऐंशी हात धरले तर चाळीस डॉलर नुसते बसण्याचे. दहा ते शंभर डॉलरच्या स्प्रेडने (सर्वांत लहान ते सर्वांत मोठी पैज) बिनचूक काउंटिंग करणाऱ्याची अपेक्षित कमाई तासाला दहा-वीस डॉलरच्या आसपास असते. आणि काउंटरचे बहुतेक हात हे वाट बघण्याचेच असतात, म्हणजे कमीत कमी रकमेचे. अँटी नेमकी तिथेच खाते. त्या टेबलावर जगातला उत्तम काउंटरही हरणार.

म्हणून माझं म्हणणं असं की ट्रायबल कॅसिनोत खेळ टेबलाआधी करारात बघावा. तुमच्या राज्यात काय परिस्थिती आहे, जरूर लिहा.

निखिल_फ्रिस्को

काका, धन्यवाद, अँटीचा हिशेब कधी असा मांडलाच नव्हता. पण ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस) लागल्यावर ३:२, म्हणजे दोनला तीन देणारं, अँटी नसलेलं टेबल छोट्या ठिकाणी मिळालं तर? वेगास स्ट्रिपवर कमी रकमेच्या टेबलांवर आता बहुतेक ६:५च दिसतं.

विश्वास_आयर्व्हिंग

बरोबर. ६:५ने कॅसिनोचा फायदा १.४ टक्क्यांच्या आसपास वाढतो, तिथे बसूच नये. छोट्या ठिकाणी ३:२ मिळतं हेही खरं. पण मग पुढचे प्रश्न येतात: यंत्र सतत पिसतंय की शू आहे, शूमध्ये किती मागे कापतात (म्हणजे किती पत्ते न वाटताच सोडतात), डीलर सॉफ्ट १७वर (एक्का अकरा धरून झालेल्या सतरावर) पत्ता घेतो का (घेत असेल तर ०.२ टक्के त्याच्या पदरात). सतत पिसणारं यंत्र असेल तर मोजण्यात काही अर्थच नाही, पडलेले पत्ते लगेच परत आत जातात.

फिनिक्सकर

विश्वासदादा, उत्तम धागा. अॅरिझोनात राहतो आणि छोट्या ट्रायबल कॅसिनोंमध्ये पुष्कळ वेळ काढला आहे, म्हणून टेबलावरचं लिहितो.

"कोणाचं लक्ष नसतं" हे साफ चुकीचं. मोठ्या कॅसिनोत शंभर टेबलं असतात, हजार-हजार लावणारे लोक असतात. तिथे पंचवीसवरून दोनशेवर गेलात तर पिट बॉस (टेबलांवर देखरेख करणारा) मानही वर करत नाही. छोट्या ठिकाणी टेबलं तीन, त्यातलं एक उघडं, पिट बॉस एकच आणि तो तुमच्या मागेच उभा. नेहमीचे लोक पाच-दहा डॉलर लावणारे, गावातले, एकमेकांना नावाने ओळखणारे. त्यात एक अनोळखी देशी माणूस येतो, दारू पीत नाही, गप्पा मारत नाही, दहावरून ऐंशीवर जातो आणि शू संपला की परत दहावर येतो. तो अर्ध्या तासात नजरेत भरतो. शिवाय शंभर-दोनशे डॉलरची हार-जीत त्यांच्या त्या रात्रीच्या हिशेबात दिसते. मोठ्या कॅसिनोत ती कुठल्या कुठे बुडून जाते.

एक गोष्ट मात्र छोट्या ठिकाणी जास्त मिळते. डीलर बहुधा नवे असतात, तिथेच शिकलेले. पत्ता उचलून खाली सरकवताना मनगट वर जातं आणि पहिल्या किंवा तिसऱ्या जागेवरच्या माणसाला डीलरचा उपडा पत्ता दिसतो. नेवाडात (वेगासच्या राज्यात) तर आपल्या जागी नीट बसून, कुठलंही साधन न वापरता असा पत्ता दिसला तर ती फसवणूक नाही, हे १९८३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ठरलेलं आहे. त्यातला फायदा काउंटिंगच्या कितीतरी पट आहे. पण ट्रायबल जमिनीवर हा नेवाडाचा निकाल कामाचा नाही, आणि तो डीलर नोकरीवर नवा पोरगा असतो. मी स्वतः असं टेबल सोडून उठतो. ज्याने त्याने ठरवावं.

छोट्या ठिकाणी खरी कमाई कूपनांत आहे. गिऱ्हाईक ओढायला ते मॅच-प्ले देतात. दहाचं मॅच-प्ले म्हणजे तुमचे दहा आणि कूपनचे दहा एकत्र लावायचे, जिंकलात तर वीस, हरलात तर तुमचे दहाच जातात. समसमान पैजेवर अशा एका कूपनची किंमत पावणेपाच डॉलरच्या आसपास. हेच काउंटिंगने मिळवायचं तर वीस-तीस मिनिटं डोकं चालवावं लागेल. नव्या सदस्याला फ्री-प्ले (यंत्रावर फुकट खेळायची रक्कम), वाढदिवसाचं कूपन, मंगळवारचं ज्येष्ठ नागरिकांचं कूपन... आणि यात कोणी तुम्हाला उठवत नाही, कारण तुम्ही त्यांनी बोलावलेलेच पाहुणे असता.

अनुजा_एडिसन

आमच्याकडची बाजू मांडते. न्यू जर्सीत केन युस्टन नावाच्या काउंटरला अटलांटिक सिटीतल्या रिसॉर्ट्स कॅसिनोने बाहेर काढलं होतं. तो कोर्टात गेला आणि १९८२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ पत्ते मोजतो म्हणून कॅसिनोला आपल्या मनाने कोणाला बंदी घालता येणार नाही, तसा नियम करायचा अधिकार राज्याच्या कॅसिनो आयोगाचा. तेव्हापासून अटलांटिक सिटीत काउंटरला हाकलत नाहीत. पण लगेच आनंदून जाऊ नका. ते मधेच पत्ते पिसतात, शू अर्ध्यावर कापतात, तुमची कमाल पैज खाली आणतात. बसायला जागा असते, फायदा नसतो.

मोठ्या व्यावसायिक कॅसिनोचा खरा कच्चा दुवा म्हणजे मोठ्या गिऱ्हाइकासाठीची चढाओढ. २०११च्या सुमारास डॉन जॉन्सन यांनी अटलांटिक सिटीत तीन कॅसिनोंकडून मिळून सुमारे दीड कोटी डॉलर जिंकले, तेही पत्ते न मोजता. मंदीत कॅसिनो हवालदिल झाले होते. जॉन्सन यांनी आधीच वाटाघाटी करून हरलेल्या रकमेवर २० टक्के सूट आणि टेबलाचे चांगले नियम पदरात पाडून घेतले. ट्रॉपिकाना आणि बोर्गाटासारख्यांना असे सौदे परवडतील असं वाटलं. छोट्या ट्रायबल कॅसिनोत हे संभवतच नाही. टेबलाची कमाल मर्यादाच शंभर-दोनशे असते.

मधुरा_सॅनहोजे

कॅलिफोर्नियात २०००च्या प्रपोझिशन १ए नंतर जमातींना हाउस-बँक्ड ब्लॅकजॅक मिळालं. फाशांनी निकाल लावायला मात्र राज्याची मनाई, म्हणून इथे क्रॅप्स या फाशांच्या खेळाचा निकाल पत्त्यांवरून लागतो. मिनेसोटातल्या बहिणीकडे गेले होते, तिथल्या करारात ब्लॅकजॅक आहे, क्रॅप्स-रूलेट नाही. म्हणजे विश्वासकाकांचं म्हणणं पटतं, प्रत्येक राज्यात वेगळीच गत.

निखिल_फ्रिस्को

एक भाबडा प्रश्न. जिंकलो आणि पैसे द्यायला नकार दिला, किंवा खोलीत नेऊन बसवलं, तर दाद कुठे मागायची? नेवाडात गेमिंग कंट्रोल बोर्ड आहे हे ऐकून आहे.

देवदत्त_हार्टफर्ड

निखिल, प्रश्न अजिबात भाबडा नाही. या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. मी वकील नाही, पण कनेटिकटमध्ये राहतो, फॉक्सवुड्स आणि मोहेगन सन हे दोन्ही ट्रायबल कॅसिनो जवळ, त्यामुळे या विषयाचा बराच पाठपुरावा केला आहे.

नेवाडात ५०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या रकमेचा वाद झाला आणि मिटला नाही, तर कॅसिनोला बोर्डाला ताबडतोब कळवावंच लागतं. बोर्डाचा माणूस येतो, चित्रफीत बघतो, निर्णय देतो. तो पटला नाही तर पुढे कोर्ट आहे.

ट्रायबल कॅसिनोत पाया वेगळा आहे. १९८७ला सर्वोच्च न्यायालयाने काबझॉन प्रकरणात कॅलिफोर्नियाविरुद्ध जमातींच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच वर्षी काँग्रेसने इंडियन गेमिंग रेग्युलेटरी अॅक्ट केला. बिंगोसारखे खेळ दुसऱ्या वर्गात, ब्लॅकजॅक आणि नेहमीचे स्लॉट तिसऱ्या वर्गात, आणि तिसऱ्या वर्गासाठी राज्याशी करार हवा. केंद्रात नॅशनल इंडियन गेमिंग कमिशन आहे, पण तिसऱ्या वर्गाच्या खेळांवर किमान अंतर्गत नियंत्रणाचे नियम लादायचा अधिकार त्याला नाही, असं २००६ साली कोलोरॅडो रिव्हर इंडियन ट्राइब्जच्या खटल्यात ठरलं. तेव्हा तुमच्या ब्लॅकजॅकच्या वादाचा पंच म्हणजे त्या जमातीचंच गेमिंग कमिशन. कॅसिनोचा मालक आणि पंच एकाच घरचे.

कोर्टात जाऊ म्हणाल, तर जमातीला सार्वभौम संरक्षण आहे. १९९८चं कायोवा आणि २०१४चं बे मिल्स, दोन्ही निकालांत सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. जमातीने स्वतः करारात सूट दिली असेल तेवढाच मार्ग. अनेक करारांत तशी मर्यादित सूट असते, पण तक्रार लेखी, ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या कार्यालयात द्यावी लागते. ती मुदत चुकली की संपलं.

आमच्या फॉक्सवुड्सचंच उदाहरण घ्या. डिसेंबर २०११मध्ये तिघांनी पत्त्यांच्या पाठीवरच्या नक्षीतला बारीक फरक ओळखून दहा लाख डॉलरहून जास्त जिंकले. कॅसिनोने रक्कम दिली नाही. जमातीच्या कमिशनने कॅसिनोची बाजू घेतली, आणि केंद्रीय न्यायालयातला दावाही टिकला नाही. त्यांच्यातल्या चेउंग यिन सन पुढे पोकरपटू फिल आयव्ही यांच्याबरोबर २०१२मध्ये बोर्गाटात हेच खेळल्या. तिथे सुमारे ९६ लाख डॉलरचा वाद झाला आणि तोही न्यायालयात कॅसिनोच्याच बाजूने गेला, पण निदान उघड्या कोर्टात वर्षानुवर्षं दोन्ही बाजू मांडल्या गेल्या, अपील झालं आणि २०२०मध्ये तडजोड झाली. फरक तो आहे.

आता फिनिक्सकरांच्या राज्यातलं. पेसन गावात टोंटो अपाची जमातीचा मझात्झाल कॅसिनो आहे, अगदी या धाग्यात म्हणतोय तसला छोटा. २०११मध्ये तिथे ब्लॅकजॅकच्या यंत्रांवर कायदेशीर युक्तीने सतत जिंकणाऱ्या तिघांना, त्यांच्या तक्रारीप्रमाणे, हातकड्या घालून अडकवून ठेवलं आणि जवळचे पैसे काढून घेतले. गुन्हा कुठलाच दाखल झाला नाही. पिस्टर विरुद्ध गार्सिया या खटल्यात नवव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने २०१५ साली म्हटलं की दावा अधिकाऱ्यांवर व्यक्तिशः असेल तर त्यांना जमातीच्या संरक्षणाआड लपता येणार नाही. २०१७मध्ये लुईस विरुद्ध क्लार्कमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच तत्त्व सांगितलं. तो खटला मोहेगन जमातीच्या गाडीचालकाच्या अपघाताचा होता. तेव्हा दार अगदीच बंद नाही. पण चार-चार वर्षं वकील पोसायची तयारी हवी.

फिनिक्सकर

देवदत्तजी, हे सगळं एकत्र कुठे वाचायला मिळालं नव्हतं. माझी पद्धत लिहितो: छोट्या ट्रायबल ठिकाणी चिप्स साठवून ठेवत नाही, दर बैठकीला मोडून घेतो. यंत्रावर मोठं बक्षीस लागलं तर स्क्रीनचा फोटो काढता येतो का ते आधी विचारतो. आणि "तुम्ही ब्लॅकजॅक खेळू नका" म्हटलं की हुज्जत न घालता उठतो. आवारातच येऊ नका असं सांगितलं असेल तर तिथे परत जाणं म्हणजे अतिक्रमण.

सुलभा_टल्सा

मी इथे बारा महिने राहते आणि एका जमातीच्या दवाखान्यात कामही केलं आहे. मला हा धागा वाचताना अस्वस्थ वाटलं, म्हणून स्पष्ट लिहिते. देवदत्तजींनी सांगितलेल्या इंडियन गेमिंग रेग्युलेटरी अॅक्टनेच कॅसिनोचा निव्वळ पैसा कुठे जायचा ते बांधून दिलं आहे: जमातीचा कारभार, सभासदांचं कल्याण, आर्थिक विकास, धर्मादाय कामं, स्थानिक संस्थांना मदत. मी ज्या दवाखान्यात होते तिथे डायलिसिसची खुर्ची याच पैशातून आली होती. २०२३मध्ये सगळ्या ट्रायबल कॅसिनोंचं मिळून उत्पन्न ४१.९ अब्ज डॉलर होतं हे खरं, पण त्यातला निम्म्याहून मोठा वाटा थोड्या मोठ्या कॅसिनोंचा. पेट्रोल पंपाशेजारच्या चार टेबलांच्या जागेत जेमतेम पगार सुटतात. वेगासच्या कंपनीकडून जिंकणं आणि इथून जिंकणं मला सारखं वाटत नाही.

विश्वास_आयर्व्हिंग

सुलभाताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. मी यावर खूप विचार केला आहे. काउंटिंग म्हणजे कॅसिनोने मांडलेला खेळ त्यांच्याच नियमांनी नीट खेळणं, त्यात मला पाप वाटत नाही, मालक कोणीही असो. पण तीन टेबलांच्या जागी पुन्हा पुन्हा जाऊन उपटणं मलाही पटत नाही. छोट्या ठिकाणी कूपन खेळतो, जेवतो, निघतो. मोठी पैज लावायची तर मोठ्या जागी. तुमच्याशी पूर्ण सहमत नसलो तरी डायलिसिसच्या खुर्चीची गोष्ट लक्षात राहील.

सुलभा_टल्सा

एवढं पुरे आहे. आभार.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितोय. आमच्याकडे जमातींचे कॅसिनो नाहीत, पण हिशेबाचा मुद्दा लागू पडतो. मांडवीतल्या बोटींवर खरी टेबलं, पंचतारांकित हॉटेलांत नुसती यंत्रं. ऑक्टोबर २०२३पासून चिप्स विकत घेतानाच पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के झाला. एक टक्क्याच्या फायद्यासाठी मोजणाऱ्याचा दारातच निकाल लागतो. अमेरिकेत अँटीने जे होतं ते इथे कराने.

अनुजा_एडिसन

कराचा विषय निघालाच आहे तर: २०२५च्या कायद्याने अमेरिकेत २०२६पासून जुगारातल्या तोट्याची फक्त ९० टक्के वजावट ठेवली आहे. वर्षात पन्नास हजार जिंकले आणि पन्नास हजारच हरले, तरी पाच हजारांवर कर. उलाढाल मोठी आणि फायदा बारीक असलेल्या माणसाला हे फार जड जातं.

देवदत्त_हार्टफर्ड

आणि एच-१बी व्हिसावरच्या मुलांनो, हे नीट वाचा. एक, रोख दहा हजार डॉलरच्या वर गेली की कॅसिनो सरकारला अहवाल पाठवतो, ट्रायबल कॅसिनोही. त्यात काही वावगं नाही, खुशाल होऊ द्या. तो टाळायला रक्कम मुद्दाम तुकड्यांत मोडणं हा मात्र केंद्रीय गुन्हा आहे. दोन, फोनवरचं मोजणीचं अॅप टेबलाजवळ काढू नका. नेवाडात १९८५पासून साधनं वापरणं गुन्हा आहे, आणि ट्रायबल कॅसिनोतून चोरीसाठी वेगळं केंद्रीय कलम आहे. तीन, बंदी घातलेल्या जागी परत जाऊन अटक झाली तर खटला किरकोळ असला तरी व्हिसाच्या फॉर्मवर "अटक झाली होती का" हा रकाना भरावा लागतो. तासाला पंधरा डॉलरसाठी ग्रीन कार्डची रांग पणाला लावू नका, ही हात जोडून विनंती.

निखिल_फ्रिस्को

सगळ्यांचे मनापासून आभार. मी एच-१बीवरच आहे. शनिवारी ज्या छोट्या कॅसिनोत जाणार होतो तिथे आज दुपारी फोन केला. बाई छान बोलल्या. दहाच्या टेबलावर सतत पिसणारं यंत्र, अर्धा डॉलर अँटी, ब्लॅकजॅकला ३:२. पंचवीसच्या टेबलावर शू, पण ते फक्त शुक्रवारी-शनिवारी रात्री उघडतं आणि कमाल पैज शंभर. नव्या सदस्याला वीसचं फ्री-प्ले आणि मंगळवारी दहाची दोन मॅच-प्ले कूपनं. पंचवीसच्या टेबलावर बसावं का?

विश्वास_आयर्व्हिंग

पंचवीस ते शंभर म्हणजे चारपटच स्प्रेड, सहा कॅटांच्या शूला तो फार अपुरा. त्यात तिथेही अँटी असेल तर विषयच संपला. आणि त्या टेबलावर एका तासात चार-पाचशे डॉलर सहज वर-खाली होतील. तेवढे तुमच्याकडे बाजूला आहेत का, हे तुम्हीच बघा.

मंगळवारी जा. कूपनं टेबलावर एकेक करून लावा, फ्री-प्ले यंत्रात एकदाच फिरवा, येईल ते काढून घ्या. दोन्ही मिळून अपेक्षित पंचवीस-सव्वीस डॉलर. पेट्रोलचे वजा करा. परतताना आयर्व्हिंगला चहाला या, शूमध्ये पत्ते कुठे कापतात ते कसं बघायचं हे सहा कॅट घेऊन दाखवतो.